जवाचा दाणा आणि पांढुर्ण्याचं पाऊल

माझ्या भाचीच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. सौसरच्या घराच्या ओट्यावर पाय पसरून ती मला नखं दाखवत होती, आणि काहीतरी चूक कबूल करावी तसा तिचा चेहरा झाला होता. मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. मध्य प्रदेशात पोलीस शिपाई व्हायचं तर लेखी परीक्षेनंतर ८०० मीटरची दौड काढावी लागते. तेवढ्यासाठी ती आठवड्यातले सहा दिवस चार-पाच किलोमीटर धावते. "मावशी, बूट नवे हायेत. मले वाटलं हळूहळू बसतीन," ती म्हणाली. बूट घेऊन तीन महिने झाले होते. ते बसले नव्हते आणि पुढंही बसणार नव्हते.

मी तिला घरातला एक पुठ्ठा आणायला लावला. संध्याकाळ होती, ती नुकतीच धावून आली होती, पाय तापलेले होते. मापाला हीच वेळ योग्य, कारण दिवसभराच्या वावरानं पाऊल सुजतं आणि धावताना ते आणखी फुलतं. सकाळी उठल्याबरोबर घेतलेलं माप धावणाऱ्याच्या कामाचं नाही. पुठ्ठा भिंतीला लावून जमिनीवर ठेवला, तिला टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं केलं, आणि पेन्सील सरळ धरून सर्वांत पुढं आलेल्या बोटाशी खूण केली. डावं पाऊल २४.२ सेंटिमीटर, उजवं २३.९. दोन्ही पाय तंतोतंत सारखे असलेला माणूस क्वचितच भेटतो. अशा वेळी मोठ्या पायाचं माप धरायचं. मग चवड्याच्या सर्वांत रुंद जागी, अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बुडाशी, दोन खुणा केल्या. त्यांतलं अंतर पाहून मी पुन्हा पट्टी लावली. ९.९ सेंटिमीटर. एवढ्याशा लांबीच्या पावलाला हा चवडा चांगलाच रुंद होता.

तिच्या पायातले बूट सात नंबरचे होते.

सात नंबरचा बूट ज्या साच्यावर घडतो, त्याला कारागीर फर्मा म्हणतात. इंग्रजी हिशेबानं या नंबरचा फर्मा २७.१ सेंटिमीटर लांब असतो. म्हणजे माझ्या भाचीच्या बोटांपुढं जवळजवळ तीन सेंटिमीटर मोकळी जागा होती. मग नख काळं कशानं पडलं? बूट मोठा असेल तर बोटं आपटायला नकोत, असं कुणालाही वाटेल. होतं ते उलटं. मोठ्या बुटात पाऊल धरून राहत नाही. पाय जमिनीवर पडला की पाऊल आत पुढं सरकतं, बोटं बुटाच्या टोकाला जाऊन आदळतात, टाच मागं उचलली जाते, पुढच्या पावलाला तेच. पाच किलोमीटरमध्ये हे हजारो वेळा घडतं. उतारावर आणि थांबताना तर जास्तच. नखाखाली रक्त साकळतं. आखूड बुटानं जी जखम होते तीच लांब बुटानंही होते, हे आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक आहे.

"सात नंबर घेतला कशाला?" मी विचारलं.

"पाच आणि सहा इथं दाबत होते नं," असं म्हणत तिनं करंगळीवर बोट ठेवलं. "सातमंदी दाबलं नाही."

या लेखात मला जे सांगायचं आहे ते सगळं तिच्या या उत्तरात आहे. तिला हवी होती रुंदी. दुकानात रुंदी मिळाली नाही, म्हणून तिनं लांबी विकत घेतली. पांढुर्णा आणि सौसरमध्ये मी जिथं जिथं धावणाऱ्या पोरांचे पाय पाहिले, तिथं तिथं हाच सौदा झालेला दिसला.

पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्या माणसाला गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्यावर सावरगाव उभं राहतं आणि दगड चालतात. दरवर्षी त्या एका दिवशी वर्तमानपत्रं येतात आणि निघून जातात. उरलेले ३६४ दिवस हा मुलूख संत्री पिकवतो, कपाशी वेचतो, आणि अलीकडं पहाटे धावतो. कुणी सैन्यात जायच्या १.६ किलोमीटरसाठी, कुणी पोलिसांच्या ८०० मीटरसाठी, कुणी वाढलेल्या साखरेसाठी. नागपूर-बैतूल रस्त्याच्या कडेनं, शाळेच्या मैदानावर, बागांमधल्या पांदणीतून. पावसाळ्यात काळी माती तळव्यांना अशी धरते की पाव किलोमीटरवर बूट दुप्पट जड होतो. सैल बूट तर चिखलातच राहतो आणि पाय तेवढा वर येतो.

इथल्या घरांत बूट बहुधा दिवाळीच्या तोंडावर घेतले जातात. कापसाचे पहिले पैसे त्या सुमारास हाती येतात, आंबिया बहाराच्या संत्र्यांचे सौदे होतात. पोरगा बापाबरोबर दुकानात जातो. दुकानदार विचारतो, "कितीचा?" बाप सांगतो, "आठचा." हा आठ कुठून आला? गेल्या वर्षी सात होता म्हणून, किंवा मोठ्या भावाचा आठ आहे म्हणून. नंबर असा सांगतात की जणू तो रक्तगट आहे, एकदा कळला की जन्मभर तोच. पाय मोजत कुणीच नाही. पोरगा बाकावर बसून बूट घालतो, दुकानदार पुढून अंगठ्यानं दाबून पाहतो, "थोडा मोठाच असू द्या, वाढता पाय आहे," असं म्हणतो आणि डबा बांधला जातो. मी नागपुरात राहते, पण माझं बालपण सौसरचं. माझाही पहिला कॅनव्हासचा बूट असाच, पुढं कापूस कोंबून, दोन वर्षं पुरवायचा म्हणून घेतलेला होता. त्या बापांना मी दोष देत नाही. ज्या घरात वर्षाला एकच जोड येते, तिथं ती जोड दोन वर्षं पुरावी असं वाटण्यात काही वावगं नाही. पण धावायचा बूट कापूस कोंबून चालत नाही, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

दुसरी एक समजूत याहून जुनी आहे: बूट आधी चावतो, मग बसतो. कातड्याच्या बाबतीत हे खरं होतं. नवी वहाण चावायची, तिला तेल पाजायचं, चार दिवस घरात वापरायची, कातडं सैल व्हायचं आणि पायाचा आकार घ्यायचं. वहाण आणि पाय एकमेकांना शिकवत. आजचा धावण्याचा बूट जाळीदार कृत्रिम कापडाचा आणि फोमच्या तळाचा असतो. त्याला तेल लागू होत नाही आणि त्याची जाळी वाढत नाही. पहिल्या दिवशी दुकानात जो बूट करंगळीला लागतो, तो शंभराव्या दिवशीही करंगळीलाच लागतो. मधल्या काळात फोड येतो, फोडाचं घट्टं होतं आणि घट्ट्याचं कुरूप. कातड्याच्या काळातलं शहाणपण आपण कृत्रिम कापडाला लावतो आहोत.

आता त्या नंबराकडं वळू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आपण जो सात, आठ, नऊ नंबर सांगतो तो ब्रिटिशांचा. स्वातंत्र्याआधी तो इथं आला आणि राहिला. त्याचं मूळ जवाच्या दाण्यात आहे. जवाचे तीन दाणे लांबीत एकापुढं एक ठेवले की एक इंच, असं जुन्या इंग्लंडचं माप होतं. बुटाच्या दोन नंबरांत एका जवाचं, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याचं, ८.४७ मिलिमीटरचं अंतर. मोजणी सुरू होते चार इंचांपासून. तो लहान मुलांचा शून्य. तिथून तेरा नंबर मुलांचे आणि मग पुन्हा एकपासून मोठ्यांचे. मोठ्यांचा पाच म्हणजे चार इंच अधिक अठरा जव, बरोबर दहा इंच, २५.४ सेंटिमीटर. ही लांबी पावलाची नाही, फर्म्याची. पाऊल त्याहून सव्वा-दीड सेंटिमीटर आखूड असायला हवं. माझ्या भाचीच्या २४.२ ला या हिशेबानं पाच नंबर येतो. साताशी तिचा काही संबंध नव्हता.

डब्यावर आणखी दोन-तीन आकडे छापलेले असतात. ३८, ४०, ४२ हा युरोपाचा, त्यात दर नंबराला सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. अमेरिकेचा तिसराच, आणि त्यात बाया-पुरुषांचे आकडे वेगळे. त्यात भर म्हणजे कुठला नंबर कोणत्या सेंटिमीटरला लावायचा ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. ब्रिटिश आठ नंबरचे दोन नामांकित कंपन्यांचे बूट शेजारी ठेवा आणि जिभेच्या आतली चिठ्ठी वाचा: एकीवर २७ असतं, दुसरीवर २६.५. घरबसल्या फोनवरून बूट मागवणाऱ्यांची फसगत होते ती इथं. म्हणून भाचीला मी सांगितलं, नंबर विसर, चिठ्ठीवरचा सेंटिमीटरचा आकडा वाच. तोही अखेरचा शब्द नाही, पण सगळ्यांत कमी फसवणारा आहे.

जवाचा विचार करताना मला आपलं जुनं माप आठवलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अंगुळाचं माप दिलं आहे: आठ यवमध्य म्हणजे एक अंगुळ. यव म्हणजे जवच. पण यवमध्य म्हणजे जवाचा मध्य, त्याची जाडी. इंग्लंडनं जव लांबीत मांडला, आपण तो आडवा मांडला. बुटाच्या नंबराशी अर्थशास्त्राचा काही संबंध नाही, हे मला कळतं. तरीही हे वाचून मी थबकले, कारण आपल्या पावलांची तक्रार नेमकी आडव्या मापाचीच आहे. ब्रिटिश नंबराला फक्त लांबी कळते. रुंदीसाठी परदेशांत बी, डी, दोन ई, चार ई अशी निराळी अक्षरं आहेत. पांढुर्ण्याच्या दुकानात ती अक्षरं असलेला डबा मला आजवर दिसलेला नाही, आणि नागपुरातही तो शोधावा लागतो.

आपली पावलं रुंद आहेत ही माझ्या घरची समजूत नाही, ते मोजलं गेलं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांची पावलं त्रिमितीय यंत्रानं मोजली. भारतीयांचं पाऊल सरासरीनं युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा रुंद भरलं. अरुंद बुटापायी लोक गरजेपेक्षा लांब बूट घालतात, हेही त्या अभ्यासातून पुढं आलं. म्हणजे सौसरच्या ओट्यावर जे घडलं होतं तेच देशभर. मुलींचं पाऊल ११ व्या वर्षाच्या आसपास सर्वांत जोरानं वाढतं, मुलांचं १५-१६ व्या वर्षी. या मापांवरून संस्थेनं भारतीय पावलांसाठी स्वतंत्र क्रमांकपद्धत सुचवली आणि तिला 'भा' असं नाव दिलं, भारतातला भा. तान्ह्या बाळापासून प्रौढ स्त्री-पुरुषांपर्यंत त्यात आठ गट आहेत. अर्ध्या नंबरांची गरज उरत नाही आणि फर्मा मुळातच रुंद धरलेला आहे. हे काम ज्यांनी केलं त्यांचे आपण आभार मानायला हवेत. एक लाखाहून अधिक माणसांना बूट काढायला लावून पाय मोजणं ही गंमत नव्हे.

पाऊल रुंद का होतं? याचं एक कारण वंशाचं असेल, पण दुसरं आपल्या अंगणात आहे. जी माणसं लहानपणी अनवाणी वाढतात त्यांची बोटं पसरतात, चवडा मोकळा राहतो. मणिपालच्या दोन डॉक्टरांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या विषयात जगभर सांगितला जातो. त्यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. बूट-चपला घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पाय शेकडा ८.६ निघाले, अनवाणी वाढलेल्यांमध्ये शेकडा २.८. आमच्या भागातली मुलं आजही शाळा सुटली की चपला भिरकावून देतात. ती पावलं बळकट असतात. त्यांच्यात खोट नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या भाचीला दुकानात सांगितलं गेलं होतं की "ताई, तुमचा पायच वाकडा आहे." तिनं ते मनावर घेतलं होतं. बसत नाही तो बूट. पाऊल तिचं स्वतःचं आहे.

पोळ्याच्या आधी आमच्याकडं बैलांना नाल ठोकतात. लहानपणी मी ते तासन्‌तास पाहत बसायची. बैलाला आडवा पाडतात, पाय बांधतात, आणि नाल ठोकणारा खूर हातात घेऊन अंगठ्यानं चाचपतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एकेका पायाला दोन नाल. प्रत्येक नाल तो त्या खुराला लावून बघतो, ऐरणीवर ठेवून दोन घाव घालतो, पुन्हा लावून बघतो. पुढच्या पायाचा नाल मागच्याला चालत नाही. बैलाचा नंबर किती, असं तो कुणाला विचारत नाही. ज्या गावात बैलाच्या खुराचं माप इतक्या निगुतीनं घेतलं जात होतं, तिथं भरतीला निघालेल्या पोरीचं पाऊल कुणी मोजलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

जगातल्या मोठ्या धावपटूंनाही यातून सुटका नाही. १० सप्टेंबर १९६० ला रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंदांत मॅरेथॉन जिंकला. ही कथा आपल्याकडं गरिबीची म्हणून सांगतात. पण त्याला बूट मिळालेच नाहीत असं नव्हतं; नवे बूट पायाला नीट बसेनात, आणि न बसणाऱ्या बुटापेक्षा सरावाचे अनवाणी पाय बरे, असा तो निर्णय होता. १९६४ मध्ये टोकियोत तो बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटं ११.२ सेकंदांत पुन्हा जिंकला. बूट वाईट की अनवाणी चांगलं, हा वाद बिकिलाच्या नावावर घालणाऱ्यांनी दोन्ही शर्यती एकत्र पाहाव्यात. रिओच्या २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत इथिओपियाच्याच एतेनेश दिरोचा बूट धक्काबुक्कीत निकामी झाला. तिनं तो काढून फेकला आणि एक पाय अनवाणी ठेवून अडथळे आणि पाण्याच्या उड्या पार केल्या. याच स्पर्धेत आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या वैयक्तिक धावण्याच्या शर्यतीत प्राथमिक फेरीतून अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच धावायची. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटरचं कांस्य आणलं. या मुली माण आणि सावरपाड्यातून आल्या, तशी एखादी पांढुर्ण्यातूनही येईल. तिची नखं तोवर शाबूत राहायला हवीत.

भाचीला घेऊन मी नागपूरला आले. सौसरहून सत्तरेक किलोमीटर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ ला त्यातूनच पांढुर्णा आणि सौसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. अर्ज हिंदीत, भांडण मराठीत आणि मोठी खरेदी नागपुरात, अशी आमची तीन पिढ्यांची रीत. पुठ्ठा मी घडी करून पिशवीत ठेवला होता. मोजेही तिचे रोजचेच आणायला लावले, कारण जाड-पातळ मोज्यानं अर्ध्या नंबराचा फरक पडतो. वेळ मुद्दाम संध्याकाळची.

बायकांच्या बुटांच्या फळीवर पाच नंबर मिळाला, लांबीला ठीक होता, पण करंगळी दाबली. बायकांचा फर्मा मुळातच अरुंद धरतात. मग मी पुरुषांच्या फळीवरचा पाच मागितला. ब्रिटिश नंबरात बाया-पुरुषांची लांबी एकच असते, फक्त पुरुषांचा फर्मा रुंद. दुकानातल्या पोरानं आधी कां-कू केलं, "मॅडम, तो जेन्ट्सचा आहे," मग आतून डबा शोधून आणला. पुरुषांत पाच नंबर कमी खपतो म्हणून ठेवतातही कमी. रंग भाचीला आवडला नाही. तिचं म्हणणं मी ऐकून घेतलं आणि बूट पायात घालायला लावला.

त्याआधी एक गोष्ट केली. बुटातला आतला सोल बाहेर काढला आणि तिला त्यावर उभं केलं. नुसत्या डोळ्यांनी सगळं कळतं: पाऊल सोलाच्या कडेबाहेर सांडतं का, आणि पुढं किती जागा उरते. सर्वांत लांब बोटापुढं हाताच्या अंगठ्याएवढी रुंदी, साधारण सेंटिमीटरभर, उरायला हवी. सर्वांत लांब बोट म्हणजे नेहमी अंगठाच असं नाही. पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट पुढं असतं आणि दुकानदार मात्र अंगठाच दाबून बघतो. सोल परत घातला. तिला उभं केलं, बसवून नाही. नाड्या बांधल्या. टाच घट्ट धरली जाते का ते पाहिलं. चालताना टाच किंचित हलली तर चालते, निसटता कामा नये. नाड्यांसाठी सगळ्यांत वर एक जादा भोक असतं, त्याचा उपयोग आपल्याकडं कुणी करत नाही. नाडी त्या भोकातून आत घेऊन छोटा फासा करायचा आणि समोरची नाडी त्यातून ओढायची. टाच जागेवर बसते, आणि चवड्यावरची नाडी सैल ठेवता येते.

अजून एक तपासणी उरते, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची. बूट चवड्याशी वाकतो. पाऊलही चवड्याशी वाकतं. ह्या दोन जागा एकमेकींवर यायला हव्यात. लांब बुटात पाऊल वाकतं एका ठिकाणी आणि बूट वाकतो त्याच्या पुढं, मग तळव्याला आणि पोटरीला विनाकारण ओढ बसते. अमेरिकेतल्या सिरॅक्यूस शहरात चार्ल्स ब्रॅनक या बूटविक्रेत्याच्या घरातल्या मुलानं १९२० च्या दशकात पाय मोजायचं जे धातूचं साधन बनवलं, ते तीन मापं घेतं: टाच ते बोट, टाच ते चवडा, आणि रुंदी. शंभर वर्षांपूर्वी तीन मापं, आणि आपण आज एकही नाही.

भाची दुकानाबाहेरच्या फरशीवर दहा-बारा वेळा धावून आली. करंगळी? नाही लागत. अंगठा? मोकळा आहे. टाच? धरते. मग म्हणाली, "मावशी, पाय आत फिरून नाही राह्यला." बूट घेतला. किंमत तिच्या सात नंबरी बुटापेक्षा दीडशे रुपयांनी कमी होती. महाग बूट पायाला बसतोच असं नाही, आणि बसणारा महागच असतो असंही नाही. शिवाय, पाचशे ते आठशे किलोमीटर धावून झाल्यावर कितीही भारी बुटाचा फोम दबून जातो. रोज पाच किलोमीटर धावणाऱ्याचा बूट चार-पाच महिन्यांत उतरतो, मग वरून तो कितीही नवा दिसो.

नव्या बुटाला आता चार महिने झाले. नवं नख मुळाकडून वर येतं आहे. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, तोवर अर्धं काळं आणि अर्धं गुलाबी असं तिचं बोट दिसणार. ती धावते आहे.

पांढुर्णा, सौसर, लोधीखेडा, मोहगाव इथल्या बूट-दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. भिंतीच्या बुडाशी सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक लाकडी फळी ठोका. गिऱ्हाइकाला नंबर विचारण्याआधी त्यावर उभं करा, दोन्ही पाय मोजा, आणि रुंद पावलाच्या मुलीला पुरुषांच्या फळीवरचा पाच-सहा नंबर काढून द्या, न लाजता. तसे चार डबे जास्त मागवा. आणि आई-बापांनो, यंदा दिवाळीची खरेदी करायला निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं पाऊल संध्याकाळी पुठ्ठ्यावर काढा, त्यावर नाव आणि तारीख घाला, आणि तो पुठ्ठा पिशवीत टाकूनच घराबाहेर पडा.